गाडीला दम लागतो तेव्हा…

लळिंगच्या घाटात मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. माझा पाय ॲक्सिलरेटरवर पार खाली टेकलेला, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं चढतेय. चौथ्यावरून तिसरा गिअर, तिसऱ्यावरून दुसरा. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. शेजारी नाना बसलेले, मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर नानांच्या रिपोर्टची जाडजूड फाइल. नाशिकला साडेअकराची वेळ मिळालेली.

नाना एवढंच म्हणाले, ‘‘हिला दम लागतोय गं.’’

ज्यांच्या हृदयासाठी आम्ही दर महिन्याला नाशिक गाठतो, त्यांनीच हे म्हणावं! मला हसूही येईना आणि रडूही येईना.

माझं सासर जळगाव, माहेर धुळे. मधलं अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एरंडोल, पारोळा आणि मग धुळे. भाऊ नोकरीनिमित्त लांब, त्यामुळे नानांच्या तपासणीची जबाबदारी माझ्यावर. आमच्या ह्यांना कामावरून दर महिन्याला सुट्टी मिळणं शक्य नाही. म्हणून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. आदल्या दिवशी जळगावहून धुळ्याला यायचं, रात्री आईच्या हातची भाकरी खायची आणि पहाटे दोघांना घेऊन नाशिकला निघायचं, असं गेली काही वर्षं चाललंय. गाडी साधीच. डिझेलवरची, २०१६ मध्ये घेतलेली. पण खरं सांगू का, त्या गाडीच्या किल्लीनं मला जे दिलं ते कुठल्या दागिन्यानं दिलं नाही. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला विनवायचं नाही.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. त्या दिवशी आम्ही नाशिकला दीड तास उशिरा पोहोचलो. आमचा नंबर गेला होता. नाना दुपारी चारपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. चकार शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

‘मॅडम, साहेब आलेत का?’

परत आल्यावर मी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजला नेली. ‘‘गाडी ओढत नाही, घाटात मेल्यासारखी होते,’’ असं सांगितलं. पहिला प्रश्न आला, ‘‘मॅडम, क्लचवर पाय ठेवून चालवता का?’’ मी नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, ‘‘साहेब आलेत का?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलाय? गाडी मी चालवते, त्रास मला होतो, सांगतेय मी. पण ऐकायला मात्र साहेब हवेत!

डिझेल फिल्टर बदलून झाला, इंजेक्टर साफ करून झाले. ५,८०० रुपयांचं बिल झालं. गाडी होती तशीच. मग ह्यांना फोन गेला, ‘‘साहेब, टर्बो गेलाय. नवीन टाकावा लागेल. सगळं मिळून ४८ हजार धरा.’’

आमच्या घरात ४८ हजार म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझी भिशी नुकतीच लागली होती. ते पैसे लेकीच्या पुण्यातल्या होस्टेलसाठी बाजूला ठेवलेले. जूनमध्ये भरायचे. हे बिचारे रागावले नाहीत, पण म्हणाले, ‘‘त्यापेक्षा गाडी विकूनच टाकू. नानांना एस.टी.नं नेता येईल.’’ आईनंही फोनवर तेच लावलं, ‘‘पुरे झालं आता तुझं गाडी चालवणं. घाटात काही झालं असतं म्हणजे?’’

सगळे माझ्या काळजीपोटीच बोलत होते. पण माझ्या हातातली किल्ली हळूहळू सुटत चालली होती, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

लक्षात आलं ते नानांच्या. नानांनी तीस वर्षं एस.टी. चालवली. ‘‘आमच्या वेळच्या गाड्यांना असली टर्बोची भानगड नव्हती,’’ असं ते आधीच म्हणाले होते. पण फोनवर त्यांनी एकच विचारलं, ‘‘त्यानं उघडून बघितला का टर्बो?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गेला कसं म्हणतो?’’

खरंच की! मी गॅरेजमध्ये जाऊन विचारलं, ‘‘काय बघून ठरवलंत?’’ उत्तर आलं, ‘‘मॅडम, वीस वर्षांचा अनुभव आहे.’’

अनुभव मोठाच असतो. पण डॉक्टरसुद्धा अनुभव असला तरी छातीला स्टेथोस्कोप लावतोच ना?

टर्बो म्हणजे नक्की काय?

मी ठरवलं, आधी हे प्रकरण समजून घ्यायचं. माझ्यासारखीला समजलं ते असं.

चुलीला फुंकणीनं हवा मारली की विस्तव भडकतो. लोहाराचा भाताही तेच करतो. इंजिनाचंही तसंच. जेवढी जास्त हवा आत जाईल तेवढं जास्त डिझेल नीट जळेल आणि तेवढी गाडीला ताकद. साधं इंजिन आपल्या दमानं जेवढी हवा ओढेल तेवढीच घेतं. टर्बो ही त्याची फुंकणी. गंमत म्हणजे ही फुंकणी चालते वाया जाणाऱ्या धुरावर. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं पंख्यासारखं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं.

हे चाक फिरतं किती? आपल्या छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. लहान गाडीच्या टर्बोचं चाक जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं! आणि हे सगळं ऑइलच्या बारीकशा थरावर तरंगत.

हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसं. तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जाण्याआधी ‘इंटरकूलर’ नावाच्या जाळीतून फिरवून थंड करतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत हवा नेतात ते जाड रबरी पाइप. त्यांना गॅरेजवाले ‘होज’ म्हणतात. ते पट्टीच्या क्लॅम्पनं आवळलेले असतात.

ही युक्ती आजची नाही. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आधी मोठ्या जहाजांच्या इंजिनांत, विमानांत आणि मग ट्रकमध्ये टर्बो आले. डिझेल मोटारीत टर्बो बसवून मर्सिडीझनं गाडी विकायला काढली ती १९७८ मध्ये. आता तर आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत टर्बो असतोच आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांतही आला आहे. त्यामुळे ‘आमची पेट्रोलची आहे, आम्हाला काय’ असं म्हणू नका.

टर्बो जी जास्तीची हवा दाबतो, त्या दाबाला गॅरेजच्या भाषेत ‘बूस्ट’ म्हणतात. आणि हा दाब किती असतो माहीत आहे? साधारण एक ते दीड किलो. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत जो दाब असतो, तोही साधारण एक किलोच!

हे कळलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. कुकरची शिट्टी होत नाही, तेव्हा आपण काय करतो? लगेच नवा कुकर आणतो का? नाही. आधी झाकण नीट बसलंय का बघतो. मग रिंग. मग शिट्टीत डाळीचं साल अडकलंय का ते. आत पाणी आहे ना, गॅस मोठा आहे ना. सगळ्यात शेवटी कुकर! शिट्टी न होण्याचं कारण बहुतेक वेळा वाफ कुठूनतरी निसटणं हेच असतं.

मग गाडीचा दाब तयार होत नाही म्हटल्यावर थेट ‘कुकर बदला’ कशाला?

वहीतल्या सहा ओळी

नाना म्हणाले, ‘‘चार दिवस चालव आणि वहीत लिही. कधी होतं, कसं होतं.’’ मूल आजारी असलं की आपण लिहून ठेवतोच ना, ताप किती, कधी चढला, उलटी झाली का? तसंच. मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं :

१. गावात, पहिल्या-दुसऱ्या गिअरला काही त्रास नाही.

२. हायवेला चौथ्या गिअरमध्ये, काटा दोन हजारांच्या आसपास गेला की ओढ नाही. तेव्हाच पुढून ‘फुस्स्’ असा आवाज.

३. जोर दिला की काळा धूर. निळा नाही.

४. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी फरक नाही.

५. इंजिन ऑइल कमी झालेलं नाही. तीनदा काडी काढून पाहिली.

६. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटत नाही.

हे लिहिताना मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण या सहा ओळींनीच पुढे माझे ४८ हजार वाचवले. प्रत्येक ओळीला अर्थ होता, तो नंतर कळला. टर्बो खरं काम सुरू करतो ते इंजिनाचे फेरे दीड-दोन हजारांच्या घरात गेल्यावर. म्हणून गावात ठीक आणि घाटात मेली, असं झालं की बोट टर्बोच्या दाबाकडे जातं. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय आणि तेव्हा मात्र टर्बोच्या तब्येतीची शंका घ्यावी. बंद करून चालू केल्यावर गाडी थोडा वेळ नीट पळाली असती, तर गाडीच्या कॉम्प्युटरनं स्वतःच ताकद कमी करून ठेवली होती, असा अर्थ निघाला असता.

धुळ्याचे आप्पा

धुळ्याला महामार्गाच्या कडेला ट्रक दुरुस्त करणारे एक आप्पा आहेत. नानांच्या जुन्या ओळखीतले. ‘‘ट्रकवाल्यांना टर्बो नवा नाही, तिथे दाखव,’’ असं नाना म्हणाले. मी जळगावहून साठच्या वेगानं, डावी बाजू धरून धुळ्याला आले.

पत्र्याची शेड, काळवंडलेली जमीन, समोर कडुलिंब. मला वाटलं, इथेही ‘साहेब कुठे’ होणार. आप्पांनी विचारलं, ‘‘काय व्हयनं माय?’’ आमच्या अहिराणीतलं ते ‘माय’ ऐकूनच निम्मा जीव खाली पडला. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सहाही ओळी वाचल्या. दुसरी ओळ दोनदा वाचली.

मग म्हणाले, ‘‘चल, फेरी मारून येऊ. तू चालव, मी ऐकतो.’’

मी चकित! मेकॅनिक आपल्याला चालवायला सांगतो? आप्पांचं म्हणणं असं, की उभ्या गाडीला ओझं नसतं, त्यामुळे हवा फारशी दाबलीच जात नाही. गळती असली तरी बोलत नाही. ती बोलणार गाडी ओझं ओढायला लागल्यावर. आणि रोज जो चालवतो, त्याच्याच पायाखाली गाडी तशी वागते. लळिंगच्या दिशेनं चढ लागल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘आता दाब.’’ फुस्स्! त्यांनी मान डोलावली, बस्स.

परत येऊन आधी त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं. आम्ही चहा घेतला. मग एअर फिल्टर काढला. धुळीनं भरलेला होता, पण बंद झालेला नव्हता. मग टॉर्च घेऊन खाली वाकले आणि मला बोलावलं. इंटरकूलरकडे जाणाऱ्या खालच्या पाइपावर एका जागी तेलकट ओल होती आणि त्यावर धूळ चिकटून काळं डाग पडलं होतं. बाकी पाइप कोरडा. ‘‘हवेबरोबर थोडी ऑइलची वाफ असतेच. जिथून हवा निसटते तिथे ती थुंकते,’’ आप्पा म्हणाले.

तरी ते डोळ्यांवर विसंबले नाहीत. पाइपाचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्या तोंडातून अगदी बेतानं हवा सोडली आणि त्या डागावर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे! गॅस सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून आपण गळती बघतो ना, अगदी तस्सं. मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘अहो, हे तर मी घरी करते!’’

पाइप काढून आप्पांनी हातात वाकवला. सरळ असताना काहीच दिसत नव्हतं. वाकवल्यावर खालच्या बाजूनं दोन इंचांची चीर उघडली, मिटलेलं तोंड उघडावं तशी.

‘‘टर्बो मरेल नही शे, माय. पाइप फाटेल शे.’’

टर्बो मेला नव्हता, पाइप फाटला होता. तरी आप्पांनी टर्बोचं तोंड उघडं होतं तोवर तेही तपासलं. इंजिन बंद, थंडगार. चाकाच्या दांड्याला बोटानं हलवून पाहिलं आणि मलाही बोट लावायला सांगितलं. बाजूला किंचित हलतो तेवढं चालतं. पुढे-मागे हलायला नको आणि चाकाची पाती कडेला घासलेली नकोत. आमची पाती स्वच्छ होती.

नवा पाइप आणि दोन क्लॅम्प १,९०० रुपये, मजुरी ४०० रुपये. एकूण २,३०० रुपये.

मी तो फाटका पाइप मागून घेतला. घरी आणून ह्यांच्या समोर टेबलावर ठेवला. काही बोलले नाही. त्यांनी तो उचलला, वाकवला, चीर पाहिली आणि म्हणाले, ‘‘पुढच्या सर्व्हिसिंगला तूच जा.’’

टर्बो खरंच जातो, पण…

आमच्या जळगावच्या मेकॅनिकला मी खलनायक करणार नाही. टर्बो खरंच जातात. ऑइल वेळेवर न बदलल्यानं, चुकीचं ऑइल भरल्यानं, ऑइलची बारीक नळी चोंदल्यानं. निळा धूर येत असेल, ऑइल सारखं कमी होत असेल, सायरनसारखा किंवा धातू घासल्यासारखा आवाज येत असेल, दांडा पुढे-मागे हलत असेल, तर टर्बोच पाहायला हवा. पण अशा वेळीही तो का गेला, हे आधी शोधायला हवं. कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल आणि पैसे दुसऱ्यांदा जातील.

आणखी एक गोष्ट आप्पांनी बजावून सांगितली. पाइप फाटलाय, चालतंय तोवर चालवू, असं करू नका. हवा गळते म्हणून टर्बो ती भरून काढायला जास्त जोरानं फिरतो आणि मग खरोखरच मरतो. काळ्या धुराची काजळी आत साचते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. ती काजळीनं चोंदली की खर्च वेगळाच. आज २,३०० रुपयांत भागतं, ते दुर्लक्ष केलं तर ४८ हजारांवर जातं.

आपल्या खान्देशात दोन गोष्टी जास्त जपायच्या. एक धूळ. शेतरस्ते, वीटभट्ट्या, सरकीचा भुसा. पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच एअर फिल्टर बघावा लागतो. दुसरी उष्णता. पंचेचाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, पाच माणसं बसवून गाडी थोडी सुस्त वाटली तर घाबरू नका. थोडी सुस्त वेगळी आणि दुसऱ्या गिअरवर यावं लागणं वेगळं.

टोपीच्या पिनेची गोष्ट

‘‘हे बायकांचं काम नाही,’’ असं अजून कुणी म्हणालं तर मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगते. मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची ही बायको. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्‌झहाइमला गाडी घेऊन निघाली. कुठे? माहेरी, आईकडे! अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे आपलं जळगाव-धुळेच की.

वाटेत इंधनाची नळी तुंबली, तिनं टोपीला लावायच्या पिनेनं ती मोकळी केली. एक तार झिजली, तिला आपल्या मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की? गाडी ओढेना! मुलं उतरून ढकलायची. परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. गाडीला लांबच्या वाटेवर घेऊन जाणारी पहिली व्यक्ती एक बाई होती आणि चढावर गाडी का ओढत नाही, ही तक्रारही पहिल्यांदा बहुधा तिचीच!

तिच्या गाडीला टर्बो नव्हता. पण जे दिसलं ते नीट पाहायचं, जवळ आहे त्यानं आधी साधा उपाय करायचा आणि परत आल्यावर स्पष्ट सांगायचं, हे तिनं केलं. आपण घरात रोज हेच करतो. मिक्सर बंद पडला की आधी प्लग बघतो, नळाला पाणी नसलं की आधी टाकी. गॅरेजच्या दारात गेलं की मात्र आपण आपलं हे शहाणपण पिशवीत घालतो आणि ‘साहेबां’ना फोन लावतो. ते करू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा नाशिकची तारीख होती. लळिंगचा चढ लागला. मी तिसऱ्या गिअरवर होते, चौथा टाकावा का याचा विचार करत. नाना खिडकीतून किल्ल्याकडे बघत होते. मधेच म्हणाले, ‘‘काय गं, शिट्ट्या किती झाल्या?’’

मागून आई हसली. मी चौथा टाकला. गाडी चढली.

गाडी ओढत नसेल तर या क्रमानं बघा

• आधी वही : त्रास कोणत्या गिअरला, किती वेगात, आवाज कसा, धूर कोणत्या रंगाचा, दिवा पेटतो का, बंद-चालू केल्यावर फरक पडतो का?

• एअर फिल्टर : धुळीनं चोंदलाय का? उंदरानं आत घर तर केलेलं नाही ना?

• जाड हवेचे पाइप आणि क्लॅम्प : तेलकट डाग, चीर, ढिला क्लॅम्प. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर एखादा पाइप नीट बसलाय का?

• बारीक रबरी नळ्या : टर्बोला हुकूम पोहोचवणाऱ्या या नळ्या उंदरांना फार आवडतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर नक्की बघायला सांगा.

• टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी दांडी : अडकली तर नाही ना?

• स्कॅनर : कॉम्प्युटर लावून कोणता कोड आला, तो लिहून मागा. कोड म्हणजे तक्रार कुठून आली त्याचा पत्ता. कोणता भाग बदलायचा त्याची चिठ्ठी नव्हे.

• डिझेल फिल्टर, ईजीआर व्हॉल्व्ह, सायलेन्सरची वाट : तुंबली तरी गाडी अशीच दमते.

• टर्बो : सगळ्यात शेवटी. आणि उघडून, तुमच्या समोर.

हे कायम लक्षात ठेवा

• गरम इंजिनात हात घालू नका. पुढचा पंखा गाडी बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो. पदर, ओढणी, वेणी आणि बांगड्या सांभाळा.

• सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर जोर देऊ नका. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्या.

• घाट चढून किंवा जोरात पळवून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवा. एकदम बंद केली तर तापलेल्या दांड्यावर ऑइल जळून कोळसा होतं.

• ऑइल पुस्तकात सांगितलेल्याच नंबरचं आणि वेळेवर.

• ‘‘ती जाळी काढून टाका, गाडी पळेल’’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

• बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्या. माझा फाटका पाइप अजून माळ्यावर आहे!